बोटं मोजणारा गावकर

गावकर कुणालाही भेटला की आधी त्याची बोटं मोजायचा. रामराम वगैरे नंतर. समोरच्याचे दोन्ही हात आपल्या हातात घ्यायचा, एकेक बोट चाचपायचा आणि विचारायचा, "धा असत मां?" दहा आहेत म्हटल्याशिवाय सुटका नाही.

मुलुंडच्या आमच्या कारखान्यात तो पॅकिंगला, मी स्टोअरला. पाळी सुटली की गेटवर पंधरा-वीस जणांचे हात तपासूनच स्वारी घरी जायची. एकदा मोठे साहेब पाहणीला आले, तर त्यांचेही हात धरले. साहेबांना वाटलं, माणूस ज्योतिषी आहे. त्यांनी बढतीचं विचारून घेतलं. माझ्या लग्नात आहेर द्यायला आला आणि पठ्ठ्याने आधी नवरीची बोटं मोजली. गावकरचं नाव निघालं की माझी बायको अजून हात पदराखाली घेते.

आम्ही सगळे हसायचो. मी तर कारण ठाऊक असूनही हसायचो.

पूर्वी गावकर पत्रा कापायच्या प्रेस शॉपला होता, कांबळेच्या जोडीला. गिरण्या बंद पडून बेकार झालेली माणसं तेव्हा आमच्या गेटवर उभी असायची, आणि सुपरवायझर त्यांच्याकडे बोट दाखवून आमच्याकडे जास्त माल मागायचा. कांबळे प्रेसमध्ये पत्रा सरकवायचा, गावकर पायाने पेडल दाबायचा. त्या दिवशी दोघांची सलग दुसरी पाळी होती. कांबळेचा हात आत असतानाच गावकरचा पाय पडला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशीत चूक कुणाचीच निघाली नाही. "पाय माझो होतो," एवढंच गावकर सगळ्यांना सांगत राहिला. कांबळेची नोकरी सुटली आणि याची मोजणी सुरू झाली.

एका रविवारी कांबळेच्या भरपाईच्या कागदांवर सही घ्यायला मी भांडुपला त्याच्या खोलीवर गेलो. गावकर जमिनीवर बसला होता. कांबळेचा डावा हात मांडीवर घेऊन नेलकटरने नखं कापत होता, अगदी जपून. मला माझ्या हसण्याची लाज वाटली. कापलेली नखं ओंजळीत घेऊन तो मोरीकडे गेला. माझी बोटं मोजायचीही त्याला आठवण राहिली नाही.

मी हळूच कांबळेला विचारलं, "वहिनी नाही का कापून देत?"

"देईल की. मीच तिला हात लावू देत नाही," कांबळे म्हणाला. "रविवारी हा येतो. नखं वाढलेली नसली तर काय करेल रे तो?"