मिस्टर सावकाश आणि शाळेचा शर्ट

भार्गवीने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, कढईखालचा गॅस बारीक केला आणि फ्रिजवरून हळूच उतरवलेली पुरवणी ओट्यावर पसरली. बाहेर तिचे सासरे, अण्णा, खुर्च्या मांडत होते. खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता तोवर भीती नव्हती.

पुण्याचं मराठी वर्तमानपत्र जयपूरला रेल्वेने येई आणि वाटेत चांगलं शिळं होई. रविवारची पुरवणी त्यांच्या बनी पार्कातल्या घरी मंगळवारी पोचायची. तिच्या मागच्या पानावर ‘गुप्तहेर धनुर्धर’ ही चित्रकथा असे. ओळखीच्या मराठी घरांत हा अंक फक्त अण्णांकडे येई, म्हणून नियम ठरला होता. पुरवणी आली की न उघडता फ्रिजवर ठेवायची. संध्याकाळी जवाहर नगरहून प्राध्यापक वसंतराव आणि त्यांची बायको कुसुमताई स्कूटरवरून आले की अण्णांनी सगळ्यांचे आवाज काढून ती मोठ्याने वाचायची. वसंतरावांनी एकदा नाशिकच्या भावाला फोन करून पुढचं आधीच विचारून घेतलं होतं, तर पुढचे कित्येक मंगळवार त्यांना नुसता चहा मिळाला, सोबत काही नाही.

हा नियम भार्गवी दर मंगळवारी मोडत होती. कारण होतं सात वर्षांचा मिहीर. डॉक्टर बुरशी नावाच्या खलनायकाने अख्ख्या शहरावर बुरशी सोडली, त्या आठवड्यात मिहीर पाव बघून किंचाळला होता आणि रात्री आईबाबांच्या मध्ये येऊन झोपला होता. तेव्हापासून ती आधी वाचून ठेवायची. फार भीतिदायक चित्र असलं, तर नेमकं त्याच वेळी मिहीरला दूध प्यायला आत बोलवायची. अण्णांना वाटे, या मुलाला दुधाची आवड आहे.

पण आज काळजी वेगळी होती. सासूबाई गेल्यावर तिच्या नवऱ्याने, संकेतने, अण्णांना सांगलीहून इथे आणलं, तेव्हा महिनाभर ते गॅलरीत नुसते बसून असत. कुणी बोललं तर “हं” म्हणत. मग धनुर्धर सुरू झाला, वसंतराव भेटले आणि अण्णा हसायला लागले. तरी कुलूपबंद घराची ओढ काही जाईना. “एवढी गोष्ट संपली की मी सांगलीला जातो,” हे त्यांचं पालुपद होतं. तिथे एकटे, रक्तदाब चढलेला, गोळ्या विसरणारे अण्णा भार्गवीला डोळ्यांसमोर दिसत. आणि गेल्या मंगळवारच्या भागाखाली छापलं होतं: ‘छत्री मिटणार!’ म्हणजे छत्रीआड चेहरा लपवणारा खलनायक, मिस्टर सावकाश, उघडा पडणार आणि गोष्ट संपणार.

ती भराभर वाचत सुटली. शेवटच्या चौकटीवर नजर जाणार, तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

“आलो, आलो! आज लवकर?” अण्णांचा आवाज.

“अहो, हिला घरी दम निघेना!” वसंतराव.

आणि त्याच क्षणी स्वयंपाकघराचं दार ढकललं गेलं. भार्गवीने वड्यांसाठी ताटात पसरलेले दोन कोरे कागद उचलले, पुरवणी त्यांच्याखाली सरकवली आणि वळली. संकेत होता. आज बँकेतून लवकर आलेला, आणि मदत करायच्या उत्साहात.

“तू बाहेर जा, वडे मी काढतो.”

“नको, नको, मी...”

“अगं, मला येतं!”

त्याने झारा घेतला, साबुदाणा वड्यांचा घाणा न निथळता उचलला आणि थेट ताटात ओतला. दुसरा घाणा त्यावर ओतला. भार्गवी बघत राहिली. “ते ताट नको” एवढं म्हणायला काही कारण सांगावं लागलं असतं, आणि ते तिला सापडेना.

संकेत वडे बशांत काढून बाहेर घेऊन गेला तेव्हा तिने ताटातले कागद उचलले. पुरवणी पारदर्शक झाली होती. मागच्या पानावरची गुप्तहेराची गाडी आणि पुढच्या पानावरची गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात एकत्र दिसत होती. शेवटच्या चौकटीत तर छत्रीच्या जागी कुणाचा तरी सुजलेला गुडघा आला होता.

बाहेर नेहमीची चर्चा रंगली होती.

“माझा मुद्दा साधा आहे,” वसंतराव म्हणत होते. ते पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. “गाडी पाण्याखालून गेली, ठीक. छपरातून पंखे निघाले, तेही मानलं. पण मागून तेल सांडतं, पुढून जाळं सुटतं, दारातून धूर निघतो, मग डिकीत एवढं सगळं असताना धनुर्धर स्टेपनी कुठे ठेवतो?”

“त्याआधी मला सांगा, या गाडीचा विमा कोणी उतरवला?” अण्णा. सगळी नोकरी त्यांनी विमा कंपनीत काढली होती. “दर आठवड्याला कड्यावरून पडते! मी असतो तर कागदच परत पाठवला असता.”

“तुम्हा पुरुषांना गाडीच दिसते,” कुसुमताई म्हणाल्या. “माझं मत मिस्टर सावकाशला. बिचाऱ्याकडे एक छत्री. कधी पळत नाही, घाई करत नाही, चेहरा दाखवत नाही. हा विमानासारखी गाडी घेऊन मागे, आणि तो चालत चालत निसटतो! खलनायकाला सगळं स्वतःच्या हिमतीवर करावं लागतं हो.”

“मतलब, सावकाश अच्छा आहे?” मिहीरने विचारलं.

“अच्छा नाही रे, हुशार आहे.”

“मग धनुर्धर?”

“त्याची गाडी हुशार आहे.”

भार्गवी मागच्या खोलीत शिरली. कपड्यावरचा तेलकट डाग पावडर टाकून, इस्त्री फिरवून जातो, हे तिला आईने शिकवलं होतं. मग कागदावरचा का जाणार नाही? टेबलावर मिहीरचा उद्याचा पांढरा शर्ट इस्त्रीसाठी पसरलेलाच होता. तो हलवायला वेळ नव्हता. तिने पुरवणी त्यावर पालथी घातली, वरून मिहीरचीच बेबी पावडर भरपूर शिंपडली आणि इस्त्री चालवली.

“भार्गवी! कुठे आहेस? सुरू करायचंय!”

“आले, अण्णा! पाचच मिनिटं!”

“पुरवणी फ्रिजवर दिसत नाही ती?”

तिने इस्त्री अजून गरम केली. पावडरीचा वास आला, मग भाजलेल्या तेलाचा, आणि मग जळका. दचकून तिने इस्त्री उचलली. कागदाचा खालचा कोपरा, नेमका शेवटच्या चौकटीचा, तांबूस होऊन इस्त्रीला चिकटून वर आला आणि तुकडे होऊन खाली पडला.

दारात पाचही जण उभे होते. जळका वास सगळ्यांना घेऊन आला होता.

“ही पुरवणी?” अण्णा म्हणाले. आवाज खाली गेलेला.

“अण्णा, ती... ओट्यावर राहिली होती.”

“फ्रिजवरून ओट्यावर कशी गेली?” कुसुमताईंनी विचारलं. “सावकाश, चालत?”

भार्गवीचे डोळे भरून आले आणि सगळंच बाहेर पडलं. डॉक्टर बुरशी, पाव, मिहीरचं किंचाळणं, दूध. “मी आधी बघून घेते, एवढंच. मुलाला भीती वाटेल असं काही नाही ना, म्हणून.”



“म्हणजे दर मंगळवारी,” वसंतराव हळूहळू म्हणाले, “पुढे काय होणार ते हिला आधीच माहीत असायचं?”

“आणि आपण इकडे पैजा लावायचो, तेव्हा ही चहा घेऊन यायची,” कुसुमताई म्हणाल्या. “चेहऱ्यावर एक रेष नाही! मी उगाच त्या छत्रीवाल्याचं कौतुक करत होते. खरी खलनायिका घरातच होती.”

“काकू, खरंच चुकलं माझं.”

“चुकलं काय? मी खूश आहे तुझ्यावर.”

अण्णांनी मात्र जळका कागद उचलला, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा नाकावर आणला. “सात महिने,” ते म्हणाले, “आणि छत्री मिटताना बघायला मिळू नये.” तेवढं म्हणून ते कॉटवर बसले, आणि क्षणभर भार्गवीला तीच जुनी गॅलरी दिसली.

“आई!” मिहीर ओरडला. “माझ्या शर्टवर गाडी!”

तेलाने सुटलेली शाई शर्टाच्या पाठीवर उतरली होती. गाडी, धूर, छत्री, चौकटीच्या चौकटी. मात्र सगळं उलटं. अक्षरं जणू पाठ करून उभी होती.

वसंतरावांच्या अंगात एकदम प्राध्यापक संचारले. “आरसा! मोठा आरसा कुठाय?”

“बाथरूममध्ये.”

सगळे बाथरूमकडे धावले. संकेतने शर्ट दोन्ही खांद्यांना धरून आरशासमोर उंच केला. मिहीरला उभं राहायला पालथी घातलेली बादली मिळाली. जागा इतकी कमी, की कुसुमताई दारातूनच मान वळवून बघत होत्या.

“वर धर. अजून वर. डावीकडे. अरे, तुझ्या डावीकडे!”

“अण्णा, आरशात डावीकडे म्हणजे...”

“वाद घालू नकोस!”

अण्णा वाचू लागले. आवाज परतला होता. गाडीने कड्यावरून झेप घेतली. छपरातून पंखे निघाले. मिस्टर सावकाश पुलाच्या टोकाशी थांबला. पहिल्यांदाच थांबला.

“छत्री मिटते,” अण्णा म्हणाले. “आणि समोर उभा आहे...” त्यांनी नाक आरशाला टेकवलं. “हातात बॅग. बॅगेवर अक्षरं. वि... मा.”



“विमा अधिकारी?” वसंतरावांनी विचारलं. “धनुर्धराच्या गाडीचा विमा ज्याने उतरवला, तो?”

“अशक्य!” अण्णा गरजले. “विमा अधिकारी? छत्तीस वर्षं मी त्या खात्यात... हा कोण चित्रकार आहे? याचा हप्ता थकला असेल!”

“पण पटतं हो,” कुसुमताई दारातून म्हणाल्या. “दर आठवड्याला कड्यावरून गाडी. कुणाचंही डोकं फिरेल.”

संकेत हसायला लागला, त्याचे हात हलले, शर्ट हलला. “नीट धर रे! खाली अजून काही छापलंय,” म्हणत अण्णा वाकले. बराच वेळ वाकून राहिले. सगळे थांबले होते. भार्गवी तर भिंतीला टेकून उभी होती.

“क्रमशः,” अण्णा म्हणाले.

“क्रमशः?” वसंतरावांनी मान पुढे घातली, चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांनी अण्णांकडे एकदा बघितलं. “हो. क्रमशःच.”

“बघू,” म्हणत कुसुमताई आत घुसल्या. “अगदी स्पष्ट क्रमशः.”

“साहजिकच आहे,” अण्णा म्हणाले. “हा नुसता संशयित. खरा गुन्हेगार पुढच्या भागात येईल. आमच्या खात्यातला माणूस असं करणं शक्यच नाही.”

मग वडे खाल्ले गेले. तेवढ्यात गाडीच्या पंख्यांवरून आणखी एक भांडण झालं, आणि वसंतराव नि कुसुमताई स्कूटरवरून गेले. मिहीर, न घाबरता, पलंगावरून छत्री घेऊन सावकाश चालत होता.

उद्या सकाळी शाळा होती. भार्गवी शर्ट घेऊन बाथरूममध्ये आली, बादली भरायला लावली आणि सहज म्हणून तिने शर्ट आरशासमोर धरला. खालचा कोपरा पुसट होता, पण इतकाही नाही. जिथे सगळ्यांनी ‘क्रमशः’ वाचलं होतं, तिथे ‘समाप्त’ होतं.

तिने पुन्हा बघितलं. तीन अक्षरं. चांगली ठळक. तीन शिकलेली माणसं, तीन चष्मे.

बाहेरून संकेतचा आवाज आला. “अण्णा, सांगलीचं आरक्षण करायचं होतं ना? या आठवड्यात बघू का?”

अण्णांचं उत्तर ऐकू येईना. नळ चालू होता. तिने नळ बंद केला, तरी उत्तर आलं नाही.

“अरे, आरक्षण कसलं?” तीच ओरडली. “ऐकलं नाहीस का? गोष्ट अजून चालू आहे!”

“ही किती महिने चालणार आहे?”

“मला काय माहीत! मी आता आधी वाचत नाही!”

तिने शर्ट भिजवला, ब्रशला साबण लावला. पावलं वाजली. अण्णा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी आधी तिच्या हातातल्या शर्टाकडे पाहिलं, मग आरशाकडे, मग पुन्हा शर्टाकडे. त्यांनी घसा खाकरला.

“भार्गवी,” ते म्हणाले, “तो खालचा कोपरा जरा जास्त घास.”