मोरक्याच्या घंटेचं झाकण

“यावर कोनी भरोसा ठेवनार नाई, हे मी पयलेच सांगून देतो,” हरिसिंग म्हणाला. “मायावर गुदरलं नसतं तं मी बी ठेवला नसता.”

भरोसा ठेवायला कोणी उतावीळ झालंही नव्हतं. फुलसावंगीजवळच्या तांड्यावर, भर दुपारी, निंबाच्या झाडाखाली पुंडलिकरावांची जुनी मोटार उभी होती. बॉनेटचे दोन्ही पाखे वर केलेले, जणू खुडूक कोंबडी पंख फुलवून बसली आहे. इंजिनाच्या माथ्यावर तांब्याचं लांबोळकं झाकण चकाकत होतं. त्यावर ठोकलेला मोर होता, पण उलटा, पाय आभाळाकडे केलेला. झाकणाशेजारी तांड्याचा नायक पूनमसिंग पाना घेऊन उभा होता.

हा मोर तांड्यातलं शेंबडं पोरही ओळखत होतं. पूर्वी तांडा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख हिंडायचा, तेव्हा सगळ्यांच्या पुढं चालणाऱ्या मोरक्या बैलाच्या गळ्यात तांब्याच्या पत्र्याची, मोर ठोकलेली, दोन वीत लांब घंटा असे. बैल गेले, लादणी गेली, तांडा शेतीला लागला. घंटा तांड्याच्या देवळीत राहिली. दर होळीला तिची पूजा व्हायची. होळी चार दिवसांवर आली होती आणि देवळीत नुसता खिळा होता.

पुंडलिकरावांना हरिसिंगनं सांगितलं होतं की झाकण खास नागपूरहून आणलं. आज ते कापसाच्या कामासाठी मारेगावला निघाले होते आणि वाटेत भाकरी घ्यायला म्हणून हरिसिंगनं मोटार इथं थांबवली, तर हे असं. नायकानं झाकण खोललं की मोटार बसणार, मोटार बसली की ड्रायव्हरकी जाणार, आणि तांड्यातली इज्जत तर आधीच निम्मी गेली होती. हरिसिंगच्या नशिबाला आता आठ नट उरले होते आणि पाना दुसऱ्याच्या हातात होता.

“जुनं झाकन गंजून गंजून चायनी झालतं,” त्यानं सुरू केलं. “गाडी चालली का तेल असं उडे, का मालकाचं धोतर फोडनीतून काढल्यावानी दिसे.”

“एवढं खरं हाय,” पुंडलिकराव म्हणाले. ते मागच्या सीटवर, दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून बसले होते.

“यवतमायच्या भंगारवाल्याकडं तीन झाकनं पाह्यली. एक लष्करी टरकचं. त्यात आपलं इंजिन पायन्यात निजवल्यावानी निजलं असतं. दुसरं मापाचं, पन भोकं जुयेनात. तिसऱ्याचं माप बी जुयलं, भोकं बी जुयली. पन मधात बंदुकीच्या गोयीचं आरपार भोक. म्हटलं, ज्याच्या गाडीचं हाय त्याचं काय झालं असन? नाई घेतलं. खाली हात आलो. आन् देवळीपुढून जाऊन राह्यलो, तं घंटा वाजली. वारा नाई, मानूस नाई.”

“आन् तू तिले उचलली.”

“मी कायले उचलू, नायक? तिनं बोलावलं. तांबटानं उलगडली तं मापाले तीळभर कमी नाई, तीळभर जास्त नाई.”

पूनमसिंगनं पहिल्या नटावर पाना लावला. हरिसिंगनं घाईघाईनं आवाज खाली आणला. आवाज खाली आणला की माणसं पुढं सरकतात, हे त्याला ठाऊक होतं. लोक सरकले. पाना थांबला.

पंधरा दिवसांमागची गोष्ट. मालक लेकीकडे नेरला गेले होते, त्यांना आणायला हरिसिंग एकटाच निघाला. नवं झाकण, तेलाचा थेंब उडत नव्हता, मोटार लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. दिग्रस सोडलं आणि ती आपोआप उभी राहिली. पाहतो तर रस्त्याकडेला जुनी विहीर, दगडी डोणी. हरिसिंगनं पाणी काढून इंजिनाला पाजलं. चालू. चार कोसांवर पुन्हा उभी. तिथंही विहीर. पुन्हा पाजलं, पुन्हा चालू.

तिसऱ्यांदा मात्र उभी राहिली ती उजाड पडीत रानात. विहीर नाही, झाड नाही, दगडसुद्धा नाही. एक म्हातारा गुराखी गुरं राखत होता.

“मी म्हटलं, बाबा, पानी कुठं भेटन? थो म्हने, उभा हायस तिथंच भेटलं असतं. इथं हीर होती. पटकीच्या साली लादनीवाल्यांचा एक तांडा रात्री इथं उतरला आन् सकायी उठलाच नाई. मंग लोकाइनं हीर बुजवली.”

बायकांतल्या कोणीतरी पदर तोंडाशी नेला.

“मायाजवय पियाच्या पान्याचा चंबू होता. थो भुईवर ओतला. पानी मुरलं नाई, भाऊ. कोनी घोट घेते ना, तसं घटाघट गेलं. आन् गाडी हँडल न मारता चालू झाली.”

पूनमसिंगनं पाना या हातातून त्या हातात घेतला.

“मी निंगालो. मागून आवाज. खुरांचा. एका बैलाचा नाई, हजाराचा. वयून पाह्यलं, रस्ता मोकया. धूळ बी नाई. म्हटलं, कान वाजून राह्यले. पुढं पाह्यलं, तं डोक्याच्या वर गाडीचा आरसा. त्यात नजर गेली.”

तो थांबला. थांबायची जागा त्याला बरोबर सापडली होती.

“आरसा भरून बैल. दोन दोन करून, पाठीवर गोन्या, शिंगाइले कवड्या. मधात बाया, डोक्यावर घडे. सावली कोनाचीच नाई. वयलो तं कोनी नाई, आरशात पाह्यलं तं सारेच्या सारे. शेतातली जिती बैलं वखर ओढता ओढता थांबली आन् गाडीकडं तोंड करून मान खाली घातली.”

“मंग?” हे पुंडलिकराव विचारत होते. त्यांनी बाहेर सोडलेले पाय आत घेतले होते.

मग आरशात एक पांढऱ्या फेट्याचा म्हातारा दिसला. सावकाश चालत होता. मोटार चाळीसच्या वेगानं पळत होती, आणि म्हातारा सावकाश चालत चालत जवळ येत होता. आरशातून नाहीसा झाला, तेव्हा हरिसिंगच्या कोपराजवळ होता.

“कत जारोची?” त्यानं विचारलं. कुठं निघालास, असं तांड्याच्या गोर बोलीत.

“नेरले, मालकाले आनाले.”

“बैल किती?”

हरिसिंगला इंजिनातले सिलिंडर आठवले. “सहा.”

“लादलं काय?”

“काईच नाई, बापू.”

म्हातारा उभा राहिला. मोटारही उभी राहिली. “मोरक्या रिकामा हाकतूस?” तो म्हणाला, आणि मिठाचा वास आला, ओल्या गोणीचा, असा की डोळे चुरचुरले.

“तवापासून ही गाडी रिकामी चालत नाई,” हरिसिंगनं हात जोडले. “नेरले मीठ लादतो म्हून शब्द देला, तवा कुठं हालली. गेल्या गेल्या मी मिठाची दोन पोती लादली. इचारा मालकाले.”

सगळ्या माना पुंडलिकरावांकडे वळल्या.

“पोती होती,” ते म्हणाले. “मी नेरपासून पोत्यावर बसून आलो. मले वाटलं, हा हरामखोर आपला धंदा करून राह्यला.”

पूनमसिंगनं उलट्या मोराकडे पाहिलं.

“आता तुमीच सांगा, नायक,” हरिसिंग अगदी हळू म्हणाला. “झाकन खोललं का मोरक्या बसला. थे हजार बैल मायामागं उभे हायेत. पुढं कोनी दिसलं नाई तं थे त्याले हुडकत तांड्यात येतीन. यू द्याचे काय?”

दूर कुठंतरी एका गाईच्या गळ्यातली घंटा दोनदा वाजली. निंबाचं एक पान इंजिनावर पडलं, तेवढ्यानंही दोघं-तिघं मागं सरकले. पूनमसिंगनं पाना नटावरून काढला, कोटाच्या खिशात घातला आणि झाकणाला हात लावून तो हात कपाळी नेला. पुंडलिकरावांनी खिशातून सुपारी काढली आणि गाडीपुढं ठेवली. हरिसिंगला वाटलं, आता होळीला या मोटारीचीच पूजा होते की काय. पुढच्या सीटवर बसायला तो वळलाच होता.

तेवढ्यात गर्दीतून हंसाबाई पुढं आली. हरिसिंगची बायको. तिचा चेहरा भीतीनं पांढरा पडला होता.

“आवो, मले लई भेव लागून राह्यलं जी,” ती म्हणाली. “गाडीचा थो आरसा तं तुमी मले दिवाईले भेट म्हून आनून देला. तवापासून आपल्या घरात मेढीले टांगला हाय, मायी भांग रोज त्यातच निंगते. मंग पंधरा दिवसामांगं तुमाले थो गाडीत कसा दिसला?”

पुंडलिकराव सीटवरून पुढं वाकले आणि त्यांनी काचेच्या वर पाहिलं. तिथं स्क्रूची नुसती दोन भोकं होती.

पूनमसिंगनं खिशातून पाना काढला.