हिरवीचं स्टेअरिंग

आमचे सोनकांबळे काका पायी चालतानाही हात दाखवतात. उजवीकडं वळायचं असलं की उजवा हात आडवा बाहेर, डावीकडं वळायचं असलं की तोच उजवा हात हवेत गोल गोल. डावा हात पोटापुढं अर्धवट मुठीत, न दिसणाऱ्या स्टेअरिंगवर. मागून एखादं शेरडू येत असलं तरी ते पुढं गेल्याशिवाय काका वळत नाहीत. एकदा एका मयतीत पुढं चालता चालता त्यांनी तंबाखूसाठी पानटपरीकडं हात केला, आणि मागची सगळी मंडळी गंभीर चेहऱ्यानं तिकडं वळली.

उभी हयात लाल बसवर ड्रायव्हर म्हणून गेली, त्याचा हा परिणाम. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावातून एक लांब नाकाची जुनी पिकअप आणली, स्वतः हिरवा रंग दिला आणि नावही तेच ठेवलं. हिरवी.

मी टेलर. नांदेड जिल्ह्याच्या पार त्या टोकाला हिमायतनगर, तिथला. आठवीत शाळा सुटली, हातात कात्री आली आणि कात्रीच्या मागं फिरत फिरत शिरूर अनंतपाळला पोचलो. काकांच्या घराची रस्त्याकडची खोली भाड्यानं मिळाली. परक्या गावात मला सगळ्याचीच धास्ती. कुणी मोठ्यानं हाक मारली तरी वाटायचं, गिऱ्हाइकाची पँट आखूड झाली.

त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पावसानं दगा दिला. तळं आटलं, हापसे नुसते खडखडू लागले. चौकात मात्र गप्पा नव्या जिल्ह्याच्या. लातूर तोडून उदगीर जिल्हा झाला तर आपण कुणीकडं, गाडीचा नंबर बदलंल का, कचेरी लांब पडंल का. काका म्हणायचे, "जिल्हा कुठंबी न्या. हांडा घेऊन कुठं जायचं तेवढं सांगा."

काकांच्या एका जुन्या कंडक्टरच्या शेतातल्या बोअरला पाणी होतं. काकांनी हिरवीवर टाकी बसवली आणि रोज सकाळी गल्लीला पाणी आणायला लागले. सोबत काकू. काकू अंगानं एवढ्याशा. हापश्यावर घसरून कधीकाळी मनगट मोडलं, ते तिरकंच जुळलं. नवऱ्याला त्या 'डायवर' म्हणायच्या. पहिल्या दिवशी मी नवा म्हणून रांगेत सगळ्यांच्या मागं उभा होतो. काका टाकीवरून ओरडले, "टेलर, घागर आण फुडं! परगावच्याला आधी. त्याला शेजारी हात पसरायला घर न्हाई हितं." ती घागर मी अजून विसरलो नाही.

तर गल्लीचं पाणी म्हणजे हिरवी आणि हिरवी म्हणजे काका. कारण दुसऱ्या कुणाच्या हातानं ती वळायचीच नाही. स्टेअरिंग कसलं, जात्याची वरची तळी. भरल्या टाकीनिशी वळायचं तर काका सीटवरून अर्धे उठायचे, उपरण्याचं टोक दातात धरायचे आणि सगळं अंग त्या चाकावर टाकायचे. तालमीतल्या एका पैलवानानं एकदा हौसेनं चालवली. वळण डावीकडं गेलं, हिरवी सरळ उकिरड्यात.

पावर स्टेअरिंगच्या गाड्यांचा काकांना मनापासून तिरस्कार. "ते गाडी चालवणं न्हाई, पाळणा हलवणं हाय. रस्ता हाताला कळला पायजे," असं ते चहा पिणाऱ्या प्रत्येक पोराला ऐकवायचे.

आणि एके दिवशी माझ्या मशीनपाशी बसून हळूच म्हणाले, "टेलर, हिरवीला पावर बसवायचं म्हणून राहिलो."

सुई माझ्या बोटात गेली.

बातमी चौकात पोचायला वेळ लागला नाही. "काय काका, दंडातला दम संपला का?" "आता पाळणा हलवणार म्हणा की!" एरवी एका शब्दाला चार शब्द देणारा माणूस. पण ते नुसतं म्हणाले, "हाव. हलवतो." त्या दिवसांत माझ्या खोलीत शिरताना ते डाव्या हाताच्या इस्त्रीच्या टेबलाला हमखास धडकायचे. मला वाटायचं, विचारात आहेत.

टाकीभर पाणी गल्लीच्या पिंपांत ओतलं, रिकामी टाकी उतरवून ठेवली आणि आम्ही लातूरला निघालो. मला दोरे-बटणं घ्यायचीच होती. तिथल्या गॅरेजवाल्या शब्बीर मिस्त्रीनं भंगारातल्या एका मोठ्या गाडीचा स्टेअरिंग बॉक्स आणि तेलाचा पंप काढून ठेवला होता. गाडीखाली शिरला आणि तिथूनच बोलला, "काका, चासी थोडी काटना पडता. पुराने छेदां पे नै बैठता ये."

"हिरवीला कटर लावायचा न्हाई."

"फिर उल्टा बैठता."

"बसू दे उल्टा. बसल्याशी मतलब."

दोघांचं बराच वेळ असंच चाललं. शेवटी शब्बीर कंटाळला. त्यानं बॉक्स पालथा करून जुन्या भोकांवर नटबोल्टनं आवळला, पंपाला पट्टा घातला, तेल ओतलं आणि हात पुसत बाजूला झाला. काका विजयी मुद्रेनं चढले. डावीकडं वळायचं म्हणून उजवा हात बाहेर काढून गोल फिरवला, स्टेअरिंग डावीकडं घेतलं आणि हिरवी लोण्यासारखी उजवीकडं वळून जुन्या टायरांच्या ढिगात घुसली.

काका खिडकीतून डोकावले.

"शब्बीर, म्या डावीकडंच फिरवलं ना रं?"

"डावीकडंच फिराए काका. लेकिन अब ये उल्टा सुनती."

मी देवाला हाक मारत होतो. गल्लीत पाणी टाकीभर, तोंडं पन्नास. काका मात्र शांत. म्हणाले, "थांब. सवय करतो." आणि खरंच, त्या आवारात त्यांनी उलट्या स्टेअरिंगनं फेऱ्या मारायला सुरुवात केली. डावीकडं जायला उजवीकडं, उजवीकडं जायला डावीकडं. जमायलाही लागलं. शब्बीर तोंडावर हात ठेवून बघत होता. मग काकांनी एकदम गाडी थांबवली.

"न्हाई. मला जमंल. पर..." बोलता बोलता खाली उतरले. "काट."

कटर चालू झाला तेव्हा काका बॉनेटवर हात ठेवून, तोंड फिरवून उभे होते. लेकराला इंजेक्शन देताना बाप उभा राहतो तसे.

या वेळी बॉक्स सुलटा बसला, तरी शब्बीरचा छळ संपला नाही. काकांचा हट्ट एकच, करंगळीनं फिरलं पाहिजे. "अजून हलकं कर." "काका, और हलका किया तो फूंक से फिरेगा!" "मग फुंकीनं फिरव."

गावी आल्यावर मला काम सांगितलं. ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायला गादी शिव, चांगली जाड, पाठीमागंही एक. मला वाटलं, कंबर गेली वाटतं. रेग्झिन दुहेरी शिवलं, कापूस ठासून भरला.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "गादी घेऊन चल." मधे काकू, कडेला मी, आणि हिरवी थेट आटलेल्या तळ्यात उतरली. भेगाळलेली, सपाट जमीन, लांबवर चिटपाखरू नाही. काका खाली उतरले, गादी सीटवर नीट बसवली, हातानं दाबून बघितली आणि बाजूला झाले. काकूंनी पदर खोचला आणि चाकामागं चढून बसल्या.

पाठीची गादी अजून माझ्याच हातात होती.

"डाव्या अंगाचं दिसंना झालंय, टेलर," काका माझ्याकडं न बघता म्हणाले. "लातूरचा डॉक्टर म्हणला, गेलं ते परत येत न्हाई. तुला पावरचं म्हणलो, त्याच्या आदल्या दिशी बोअरकडं जाताना रस्त्यात लेकरू आलं. हिला दिसलं, ही वरडली. मला दिसलंच न्हाई." उपरण्यानं तोंड पुसलं. "गल्लीला पाणी तर पायजे. आन् हिच्याबिगर दुसऱ्या कुणाच्या हातात हिरवी द्यायला माझा जीव होईना."

तळ्यात शिकवणी सुरू झाली. "अगं क्लच! क्लच दाब! गाडी हाय का उखळ?"

"वरडू नका डायवर. तुमीच म्हणता ना, हाताला कळलं पायजे? मग हाताला कळू द्या की. कान कामून फोडता?"

तिरक्या मनगटानं काकूंनी चाक फिरवलं आणि हिरवी तळ्यात अलगद मोठा गोल वळली. काका भेगांतून मागं मागं पळत होते, दोन्ही हात हवेत, न दिसणारं स्टेअरिंग फिरवत.

तोवर पाणी काकाच आणायचे, डावीकडचं काकू बघून सांगायच्या. काकूंना लायसन मिळालं त्या सकाळी सगळी गल्ली घागरी घेऊन उभी होती. भरली टाकी घेऊन हिरवी कोपऱ्यावर आली. चाकामागं माझ्या गादीवर काकू, कपाळाला घाम. शेजारी क्लीनरच्या जागेवर काका. गल्लीचं वळण डावं. काकूंचे दोन्ही हात चाकावर अडकलेले. काकांचा उजवा हात सवयीनं गोल फिरू लागला, गाडीच्या आतच, आणि थांबला. मग त्यांनी डावा हात खिडकीतून बाहेर काढला. ज्या बाजूचं त्यांना आता दिसत नव्हतं, त्या बाजूला लांबवर आडवा धरला.

"कुणी हाय का गं?"

"शेरडू हाय."

"जाऊ दे त्याला फुडं."