बिनड्रायव्हरच्या गाडीचं अडून बसणं

गुन्हेगार मला पाहून थरथर कापतात की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण आजवर एकही माझ्यासमोर आलेला नाही. माझा दरारा किती आहे ते यावरूनच ओळखावं. नोकरी म्हणाल तर मी बस डेपोत हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खिडकीवर बसतो. लोकांना ती कारकुनी वाटते. पण नुसत्या छत्रीच्या दांड्यावरून मी सांगू शकतो, की तिचा मालक उंच, तापट आणि नुकताच नोकरीत बढती मिळालेला गृहस्थ आहे. छत्री न्यायला पुढे एखाद्या बुटक्या, हसतमुख आजीबाई येतात ही गोष्ट वेगळी. त्यांनी ती त्या गृहस्थाकडून ढापलेली असणार, पण पुराव्याअभावी मी छत्री देऊन टाकतो.

माझी सहायक म्हणजे माझी बायको. तिने हे पद कधी स्वीकारलेलं नाही, पण राजीनामाही दिलेला नाही. माझ्या भव्य कपाळाला ती टक्कल म्हणते आणि माझ्या चिंतनाला डुलकी. मोठ्या माणसांच्या घरात एवढं चालायचंच.

बिनड्रायव्हरच्या गाडीचं प्रकरण माझ्याकडे आलं ते आत्यामुळे. आमच्या वसाहतीत काही महिन्यांपूर्वी एका कंपनीने अशी एक गाडी चाचणीसाठी आणून ठेवली. फोनवरून बोलवायची, दार उघडून बसायचं, जायचं ठिकाण सांगायचं. पुढच्या सीटवर कोणीच नाही आणि स्टिअरिंग आपलं आपण फिरतंय. पहिल्या दिवशी अख्खी वसाहत बाल्कनीत उभी राहून ती बघत होती, पण बसायला कोणी तयार होईना. बसली ती फक्त आत्या.

आत्याचे डोळे गेल्या वर्षापासून दगा देत होते. समोर मधोमध धूसर डाग आणि कडेचं तेवढं दिसतं. जन्मभर स्वतःची गाडी चालवलेली ही बाई, तिला डॉक्टरांनी किल्ली ठेवून द्यायला सांगितली. गाडी विकली त्या दिवशी तिने ती उभी राहायची ती रिकामी जागा झाडून काढली. तिची थोरली बहीण, म्हणजे आमची मोठी आत्या, शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात असते. मोठ्या आत्याची स्मरणशक्ती विरत चालली आहे. सकाळी ती बरीचशी भानावर असते, दुपारच्या गोळ्या घेतल्या की पार अंधुक होते. म्हणून आत्याला रोज सकाळीच पोचायचं असतं. आणि नेमकी ही गाडी रोज सकाळी वसाहतीच्या कोपऱ्यावर येऊन अडून बसायला लागली होती. रस्ता रिकामा, सिग्नल नाही, समोर मांजरसुद्धा नाही, आणि बाईसाहेब आपल्या उभ्या.

"काल पोचेपर्यंत जेवणं झाली होती," आत्या मला म्हणाली. "ताईने मला विचारलं, बाई, तुम्ही इथे नवीन का?"

एवढं बोलून ती पदराने चष्मा पुसत बसली. मला गलबलून आलं. गुप्तहेरालाही काळीज असतं, फक्त तो ते कामाच्या वेळी बाजूला ठेवतो.

रविवारी वसाहतीचे सेक्रेटरी सगळ्यांना विचारून निर्णय घेणार होते, गाडी ठेवायची की परत पाठवायची. परत गेली तर आत्या पुन्हा आल्यागेल्याच्या सवडीवर. मी म्हटलं, मी सोडत जाईन की. त्यावर ती "तू सोडशील रे" एवढंच म्हणाली आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. मग तिला काहीतरी आठवलं. अडते तेव्हा गाडी आतमध्ये काहीतरी बोलते, असं आत्या सांगायला लागली. मी हात वर करून तिला थांबवलं. साक्षीदाराने स्वतःहून बोलायचं नसतं. आधी घटनास्थळ, मग संशयित, साक्ष सगळ्यात शेवटी. ही माझी पद्धत आहे.

कोपऱ्यावर मला दोन संशयित आयतेच सापडले. एक प्रोफेसर. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं आणि आता ऐकायला वर्ग नाही म्हणून वसाहतीला शिकवतात. दुसरे ड्रायव्हिंग स्कूलवाले मास्तर. निम्म्या गावाला क्लच कसा सोडायचा ते त्यांनी शिकवलेलं. दोघं रोज सकाळी मिळून फिरायला जातात आणि या कोपऱ्यावर एकमेकांचा निरोप घेतात, कारण प्रोफेसरांचं घर रस्त्याच्या अलीकडे आणि मास्तरांचं पलीकडे.

प्रोफेसरांचं म्हणणं असं, की अपघात होतात ते माणसांमुळे. माणूस पितो, पेंगतो, बायकोशी भांडून गाडीत बसतो. यंत्राला बायको नाही. मास्तरांचं म्हणणं असं, की रस्ता नियमांवर चालत नाही, नजरेवर चालतो. समोरचा नुसती मान हलवतो आणि आपल्याला कळतं की हा आता घुसणार. ते यंत्राला कोण शिकवणार? आणि समजा ठोकलीच, तर खाली उतरून शिव्या घालायच्या कोणाला? प्रोफेसर म्हणाले की कंपनी त्यासाठी एक फोन नंबर देते.

गाडी कोपऱ्यावर थांबली की दोघांनाही उकळ्या फुटत. मास्तर म्हणत, बघा, बंद पडली. प्रोफेसर म्हणत, बघा, किती सांभाळून चालते. आता त्यांचे समर्थकही जमू लागले होते. प्रोफेसरांचा गट फुटपाथच्या एका टोकाला, मास्तरांचा दुसऱ्या. सेक्रेटरींनी कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की गाडी अगदी योग्य वागते आहे. हे उत्तर प्रोफेसरांनी विजय म्हणून वाचून दाखवलं आणि मास्तरांनी कबुलीजबाब म्हणून.

माझा पहिला संशय अर्थातच मास्तरांवर. ड्रायव्हरच नको झाले तर त्यांच्याकडे शिकायला कोण येणार? मी गुडघ्यांवर बसून रस्ता तपासला आणि काय सांगू, अगदी गाडी थांबते त्याच्या पुढेच डांबरावर एक पांढरा पदार्थ आढळला. पट्ट्यापट्ट्यांनी आणि एका फुटपाथपासून दुसऱ्यापर्यंत. गाडीच्या कॅमेऱ्यांना भूल पाडणारं रसायन, दुसरं काय? मी नखाने थोडं खरवडून पाकिटात भरलं आणि घरी सहायकाच्या पुढ्यात ठेवलं. ती भाजी चिरत होती.

"हा झेब्रा क्रॉसिंगचा रंग आहे," ती म्हणाली. "आणि ते नख धुतल्याशिवाय ताटावर बसू नका."

मी तिचं मत नोंदवून घेतलं आणि दुसऱ्या संशयिताकडे वळलो. फायदा कोणाचा, हा प्रश्न विचारायचा असतो. गाडी थांबते म्हणजे सुरक्षित दिसते, म्हणजे फायदा प्रोफेसरांचा. ते खिशात काहीतरी बाळगतात आणि दुरून गाडी थांबवतात, हे उघड होतं. खिशाचा एक फुगवटा मी दोन दिवस डोळ्यांत तेल घालून पाहिला. शेवटी वाऱ्याने उडालेला माझा रुमाल उचलून द्यायला ते वाकले, तेव्हा तो फुगवटा खाली पडला. श्रवणयंत्राची डबी होती. यंत्र डबीत होतं, कानात नव्हतं. मास्तरांशी वाद घालताना ते काढून ठेवतात असं त्यांनी मला विश्वासात घेऊन सांगितलं.

मग माझ्या मेंदूत वीज चमकली. आपण सगळे माणसांच्या मागे लागलो होतो. गाडीच्या मनात कोणी डोकावलंच नव्हतं. कोपऱ्यावर मास्तरांची शिकाऊ गाडी उभी असते. चारही बाजूंनी पोचे, पुढे-मागे लाल अक्षर, आणि ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याचा आणि एक मास्तरांचा. एका सुसंस्कृत, नियमाने चालणाऱ्या गाडीला ते दृश्य बघून काय वाटत असेल? पाचावर धारण बसत असणार. दुसऱ्या दिवशी मी घरची मोठी चादर नेऊन ती शिकाऊ गाडी झाकून टाकली. बिनड्रायव्हरची गाडी तरीही थांबली. मास्तरांना मात्र आपली गाडी दिसेना, तेव्हा त्यांनी चोरीची तक्रार करायला धूम ठोकली. चादर आमची आहे हे बायकोने चारचौघांत ओळखलं, यावरून सहायक घरचा ठेवू नये एवढं मी शिकलो.

राहता राहिला एकच मार्ग, वेषांतर. मी अंगाला फांद्या बांधून कोपऱ्यावर झुडूप म्हणून उभा राहिलो. येणाऱ्याजाणाऱ्या एकालाही संशय आला नाही. सगळे मला पाहून "काय म्हणताय?" एवढंच विचारत होते, आणि झुडपाला कोणी असं विचारलं तर ते केवळ सौजन्य. पण गाडी आली, माझ्यासमोर थांबली आणि दिवे मिचकावत उभी राहिली. माझं वेषांतर ओळखणारं कोणी या जगात असेल तर ते हे यंत्र. त्या क्षणी मला त्याच्याबद्दल आदर वाटला आणि संशयही बळावला. काचेतून आत्या माझ्याकडे बघून हातवारे करत होती, दोन्ही हातांनी काहीतरी मागे ढकलल्यासारखे. डोळ्यांमुळे बिचारीला झुडूप नीट दिसत नसावं असं समजून मी पानं हलवून तिला धीर दिला. त्या दिवशीही ती उशिरा पोचली. संध्याकाळी तिला भेटलो तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि जेवायला नको म्हणाली.

रविवार उजाडला. सभा हॉलमध्ये न घेता कोपऱ्यावरच घ्यायची, म्हणजे गाडीचं वागणं सगळ्यांना डोळ्यांनी बघता येईल, अशी सूचना मी केली होती. अख्खी वसाहत जमली. आत्या नेहमीसारखी गाडीत बसून आली आणि गाडी नेहमीसारखी थांबली. मग जी चर्चा पेटली ती काही विझेना. प्रोफेसर बोलता बोलता पुढे सरकले. त्यांना खोडून काढायला मास्तर पुढे सरकले. "बरं, मी निघतो," असं मास्तर दर दोन वाक्यांनंतर म्हणत, घराच्या दिशेने एक पाय रस्त्यावर ठेवत, आणि पुढचा मुद्दा आठवला की त्याच पायावर जोर देऊन उभे राहत. मी एका स्टुलावर चढून, यामागे परकीय शक्तींचा हात आहे, या माझ्या चौथ्या सिद्धांताला नुकताच हात घातला होता.

तेवढ्यात गाडीची काच खाली गेली.

"तुम्ही सगळे एकदा ठरवता का," आत्या म्हणाली, "रस्ता ओलांडायचाय की नाही?"

प्रोफेसरांनी श्रवणयंत्र कानात घातलं.

आत्या आवाज न चढवता बोलत होती. म्हणाली, "ही गाडी रोज आत मला सांगते, पादचाऱ्यांना वाट देत आहे. मास्तर निघतो म्हणून एक पाय पट्ट्यांवर ठेवतात आणि निघत नाहीत. ती आपली थांबते. ती थांबली म्हणून तुम्ही बघायला येता, तुम्ही आलात म्हणून ती आणखी थांबते. मी किती जणांना सांगायला गेले. तुमचं गाडीवर सगळं बोलून झालं, पण गाडीत बसणाऱ्या बाईला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. आता मला जाऊ द्या. तिकडे ताई उठून बसली असेल."

मास्तरांनी आपल्या पायाकडे पाहिलं. तो पाय कोणा दुसऱ्याचा असावा तसा त्यांनी तो हळूच उचलून फुटपाथवर घेतला. त्यांच्यामागे त्यांचा गट, मग प्रोफेसरांचा. शेवटी रस्त्यावर मी आणि माझं स्टूल एवढंच उरलं. बायकोने येऊन आधी स्टूल उचललं.

गाडीने दिवे मिचकावले आणि ती कोणताही आवाज न करता पुढे सरकली. तपास पूर्ण व्हायला हवा म्हणून मी धावत जाऊन दार उघडायला लावलं आणि आत्याच्या शेजारी बसलो. मागे वळून पाहिलं तर दोन्ही गट पुन्हा बोलायला लागले होते, पण भिंतीला पाठ लावून. नंतर कळलं ते असं. एवढी माणसं रस्त्यात असून एकालाही खरचटलं नाही, म्हणून गाडी सुरक्षित आहे, हे प्रोफेसरांनी सिद्ध केलं. न निघणारा माणूस ओळखता येत नाही, म्हणून गाडी अडाणी आहे, हे मास्तरांनी सिद्ध केलं. सेक्रेटरींनी गाडी ठेवायचं ठरवलं आणि त्या कोपऱ्यावर उभं राहून निरोप घ्यायला मनाई केली. दोन्ही गटांना आपण जिंकलो असं वाटलं. प्रकरण मी सोडवलं हे मात्र कोणाच्या लक्षात आलेलं दिसलं नाही.

शुश्रूषागृहात मोठी आत्या खिडकीशी बसली होती. आम्ही आत गेलो तशी तिने मान वर केली आणि आत्याला लहानपणच्या नावाने, चिमणे, अशी हाक मारली. आत्या दारातच थबकली. मग जवळ जाऊन तिचा हात धरून बसली. बराच वेळ दोघी नुसत्या एकमेकींचे हात चाचपत होत्या.

मी दाराजवळच्या खुर्चीवर बसून घड्याळ पाहिलं. मग पाय हलवला. मग पुन्हा घड्याळ पाहिलं.

"कशी आलीस?" मोठ्या आत्याने विचारलं.

"गाडीने."

"कोणी आणलं?"

"कोणी नाही. ती आपली आपण चालते."

मोठ्या आत्याने थोडा विचार केला. तिचा चेहरा उजळला.

"मग बस निवांत," ती म्हणाली. "आज 'निघायचं का' म्हणून कोणी मागे लागणार नाही."

माझं तोंड उघडलेलं होतं. ते मी मिटलं, आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढून घेतली.