निळीने अडवलेली पानं

शालनने पिवळ्या कादंबरीत मासा काढला, म्हणून निळ्या कादंबरीने तिला आपली शेवटची पानं द्यायचं बंद केलं.

शालन म्हणजे माझी बायको. निळी आणि पिवळी यांची खरी नावं पुठ्ठ्यांवर छापलेली आहेत, पण ती माझ्या लक्षात राहत नाहीत, आणि राहिली तरी जोडाक्षरांत अडकतात. मी सातवीपर्यंत शिकलो. सातवीत माझं आणि शाळेचं पटेना, तेव्हा दोघांनी शांतपणे वेगळं व्हायचं ठरवलं. पुढे जन्मभर लग्नाकार्याला लाउडस्पीकर भाड्याने दिले. त्यामुळे माझं बोलणं लांबपर्यंत जातं. वाचणं मात्र बोटाचा आधार घेऊन चालतं.

आता मासा कसला ते सांगतो. आमच्या वाळवडच्या वाचनालयात जुनी पद्धत आहे. कादंबरी वाचून संपली की वाचकाने एकतिसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आपली खूण करायची. पुढे कधी तेच पुस्तक परत हातात आलं तर खूण बघून कळतं की ही आपली झालेली आहे. पुठ्ठे बदलतात, बाइंडिंग होतं, माणसं गोष्ट विसरतात, खूण राहते. शालनची खूण मासा. वाचनालयाचे अध्यक्ष पाटणकर सर छत्री काढतात. ग्रंथपाल हेरवाडकरबाई नुसती टिकली देतात, कारण त्यांना कामं फार. ज्या कादंबरीच्या एकतिसाव्या पानावर खुणांची दाटी असते ती कपाटात छाती काढून उभी राहते, आणि जिचं ते पान कोरं असतं ती हळूहळू मागच्या रांगेत सरकते. यात न कळण्यासारखं काही नाही.

चूक शालनचीच झाली. निळी तिने गणपतीच्या सुमारास आणली होती. निळी जाड. तिच्यात दोन बहिणी आहेत, थोरली राधाक्का आणि धाकटी मंजुळा. विहिरीच्या वाटणीवरून दोघींचं बोलणं बंद झालेलं. मध्यावर वकील येतात आणि ते काही केल्या जात नाहीत. शालन कंटाळली. तिने मध्येच पिवळी आणली. पिवळी सडपातळ, तिच्यात पहिल्याच पानावर खून. शेंगा सोलायच्या ठेवून शालनने ती एका दुपारी संपवली, एकतिसाव्या पानावर मासा काढला, आणि पिवळी उचलून निळीच्या अंगावर ठेवली.

एकीवर एक ठेवलेल्या कादंबऱ्यांना एकमेकींच्या पोटातलं कळतं, हे कुणीही सांगेल. म्हणून जाणती माणसं मध्ये वर्तमानपत्र घालतात. त्या दिवसाचं वर्तमानपत्र शालनने भाजीच्या टोपलीत अंथरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने निळी उघडली तेव्हा वकील निघून गेलेले होते. राधाक्का आजारी पडली होती. मंजुळा एसटीत बसली होती. गाडी घाटाखाली आली, शालनने पान उलटायला बोट लावलं, आणि पान उलटेना. पुढचा सगळा गठ्ठा विटेसारखा घट्ट झालेला. तिने मला हाक मारली. मी उलथन्याची कड घालून बघितली, भाताच्या वाफेवर धरून बघितली.

"उगीच भाजू नका," निळी म्हणाली. "मी देणार नाही."

कादंबऱ्यांचा आवाज मोठा नसतो. शेजारच्या खोलीत कुणी घड्या घालता घालता बोलावं तसा येतो. शालनने कारण विचारलं. निळी म्हणाली की गणपतीपासून तुझ्या उशाशी मी आहे, तुझ्या चहाचे डाग माझ्यावर आहेत, आणि मासा मात्र काल आलेलीला. "शेवट हवा असेल तर जिच्यात मासा काढलास तिच्याकडे माग." एवढं बोलून ती मिटली.

खरं सांगायचं तर मला गुदगुल्या झाल्या. संसाराला इतकी वर्षं झाली, पण शालन माझ्याशी बोलायची ती नेहमी एक बोट पुस्तकात ठेवून. मी माझ्या मूळव्याधीबद्दल सांगत असलो तरी बोट पुस्तकात. मला नेहमी वाटायचं, माझं बोलणं म्हणजे हिच्या दोन परिच्छेदांमधली मोकळी जागा आहे. आता तिचे दोन्ही हात रिकामे होते. आता ती माझ्याशी बोलणार, अशा हिशेबाने मी दाढीबिढी करून बसलो.

ती बोलली, पण मंजुळेबद्दल. मंजुळा वेळेत पोचली असेल का हो. राधाक्काने तोंड फिरवलं असेल का. दोन दिवस तिने आमटीत मीठ घातलं नाही आणि तिसऱ्या दिवशी तिन्ही दिवसांचं घातलं. एकदा मी तिच्यावर रागावून भावाकडे आठवडाभर जाऊन राहिलो होतो, तेव्हा परत आल्यावर हिने एवढंच विचारलं होतं की गॅसवाल्याचा नंबर कुठे ठेवलाय. आणि इथे एका जाड्या बाईने तोंड मिटलं तर हिच्या गळ्याखाली घास उतरत नव्हता. माझी दाढी वाया गेली. पोटात असं काही जळायला लागलं की मी दूध पिऊन बघितलं. दुधाने ते जाईना.

शेवटी आम्ही वाचनालयात गेलो. पुस्तकाने वाचकाला अडवलं तर दोन्ही बाजू ऐकायचं काम कार्यकारिणीचं. कार्यकारिणी म्हणजे पाटणकर सर आणि हेरवाडकरबाई. सर निवृत्त मुख्याध्यापक. ते पंख्याखाली बसले, म्हणजे कामकाज सुरू झालं. निळीला खुर्ची दिली, आणि तिचा कणा दुखतो म्हणून मागे उशी. पिवळीलाही बोलावणं गेलं. ती कपाटातून आली आणि टेबलाच्या कडेवर बसून राहिली.

सरांनी आधी पिवळीला विचारलं की ही बाई दुसरीकडे गुंतलेली आहे हे तुम्हाला माहीत होतं का. पिवळी म्हणाली, मला काय माहीत, त्यांनी तर मला बसल्या बसल्या संपवलं, माझ्याकडे आलेल्या बायकांचा हात शेंगांकडे जात नाही एवढं मला माहीत आहे. निळीच्या कोपऱ्याला बारीक थरथर सुटली. हेरवाडकरबाईंनी पिवळीला विषय सोडून बोलू नका अशी समज दिली.

मग सर निळीकडे वळले. त्यांनी समजुतीचा सूर लावला. तुम्ही थोर परंपरेतल्या, तुम्ही असा हट्ट करणं शोभत नाही, मी स्वतः तुम्हाला आनंदाने वाचलेलं आहे, माझी छत्री तुमच्या एकतिसाव्या पानावर आहे.

"छत्री आहे," निळी म्हणाली. "पण सर सहाव्या पानावर झोपले होते. एकतिसाव्यावर एकदम छत्रीच आली."

मला हसू आवरेना, म्हणून मी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट केला. सर म्हणाले की हा मुद्दा आजच्या विषयपत्रिकेवर नाही. हेरवाडकरबाई कसलातरी कागद शोधायला लागल्या, कारण टिकलीचंही असंच काहीतरी निघेल अशी त्यांना धास्ती असावी.

शालन मधेच उठली. तिने निळीपुढे हात जोडले नाहीत, पण आवाज तसाच होता. ती म्हणाली, "माझं चुकलं. मासा पुसून टाकते पिवळीतला. पण मंजुळेला अशी घाटाखाली ठेवू नका हो. गाडीत किती दिवस बसेल ती."

निळीने आपली अट सांगितली. ती पानं देईल, पण ज्याने आजवर एकाही पुस्तकात खूण केलेली नाही अशा माणसाला. तो दार लावून एकटा वाचेल. वाचून झाल्यावर तो बाहेर कुणाला काय सांगतो ते ती बघायला येणार नाही.

सर म्हणाले, असा सभासद कुठून आणायचा. हेरवाडकरबाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मग सरांनी बघितलं. पिवळीनेही बघितलं असावं.

"ढोबळे," सर म्हणाले, "तुम्ही शेवटचं काय वाचलंत?"

मी म्हटलं, वर्तमानपत्रातल्या निधनाच्या बातम्या, आणि त्याही वयाचा आकडा बघण्यापुरत्या.

"अहो, तुमची जोडाक्षरं," शालन हळूच म्हणाली.

"असू दे," निळी म्हणाली. "जोडाक्षरांचं मी बघेन."

तेव्हापासून दुपारी जेवण झालं की मी निळीला घेऊन बाहेरच्या खोलीत जायचो आणि कडी लावायचो. बंद झालेली पानं माझ्या हातात केळीच्या पानासारखी अलगद उलगडायची. एका पानाला मला निम्मी दुपार लागायची. अडलो की निळी थांबायची, अक्षर फोडून सांगायची, आणि पुन्हा अडलो तर पुन्हा. शाळेत मास्तर याच कामासाठी कान वापरायचे, माझा. मी चुकून भलताच शब्द वाचला तर ती हसायची, आणि तिचं बघून मीही. एकदा तिने मागे जाऊन मला वकिलांचा भागसुद्धा दाखवला. मला वकील आवडले. लाउडस्पीकरच्या थकलेल्या भाड्यासाठी मी असल्या वकिलांकडे खूप बसलोय.

दुपारी कडी काढली की शालन समोर बसलेली असायची. मग मी जेवढं वाचलं तेवढं सांगायचो. आता नुसतं सांगण्यात काय मजा, म्हणून मी त्यात थोडी भर टाकायचो. एकदा मी सांगितलं की घाटात गाडी पंक्चर झाली आणि एक बकरी मंजुळेच्या शेजारी येऊन बसली.

"बकरी पुस्तकातली की तुमची?"

"बकरी माझी. पंक्चर पुस्तकातलं."

शालन माझ्याकडे अशी रोखून बघायची की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा तिने तसं बघितलं नव्हतं. मी मुद्दाम पाणी प्यायचो, खोकायचो, पंचा झटकायचो. तिचे डोळे माझ्या तोंडावरून हलायचे नाहीत. मी मनात म्हणायचो, घे, आता बस वाट बघत.

पण हळूहळू काहीतरी बदललं. मी आत असताना दाराशी केरसुणीचा आवाज यायला लागला. त्या दाराबाहेर एवढा केर कधीच नव्हता. मग न मागता चहा यायला लागला, आणि तो फटीतून देताना शालन आत डोकावायची. एके दिवशी तिने विचारलं की एवढं हसायला काय होतं त्या पानात, राधाक्का तर मरायला टेकलीय. मी म्हटलं, ते आमचं आमचं होतं. हे मी सहज बोललो. तिने चहाचा कप बशीत ठेवला तो जरा जोरात.

दुसऱ्या दिवशी तिने गोष्ट ऐकताना निम्म्यातच थांबवलं आणि विचारलं, "ती तुम्हाला जोडाक्षरं शिकवते म्हणजे नेमकं काय करते?" मी म्हटलं, शिकवते म्हणजे शिकवते. त्या दिवशी तिने मंजुळा कुठवर आली हे विचारलंच नाही.

शेवटचं पान एका रविवारी आलं. मंजुळा गावात पोचते. दार लोटलेलं असतं. राधाक्का खाटेवर असते, भिंतीकडे तोंड करून. मंजुळा उंबऱ्यात उभी राहते. तिला बोलायचं असतं ते सगळं तिने गाडीत पाठ केलेलं असतं आणि आता त्यातलं काहीच आठवत नाही. राधाक्का वळत नाही. भिंतीकडे बघतच ती म्हणते, जेवलीस का. मग पानाच्या खाली नुसती पांढरी जागा आहे.

मी त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवून बसलो. माझे डोळे मी पंच्याने पुसले आणि पंचा तोंडावरच ठेवून जरा बसून राहिलो. नंतर कडी काढली.

शालन दारातच होती. मी तिला जसं होतं तसं सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली.

"खरं सांगा."

"खरंच सांगतोय."

"जेवलीस का? विहिरीवरून एवढं रामायण झालं आणि नुसतं जेवलीस का? तुमचंच आहे हे. बकरीसारखं."

मी शपथ घेतली. तिने ती मोजलीसुद्धा नाही. माझ्या शपथांचा भाव आमच्या घरात केव्हाच पडलेला आहे. मी दुसऱ्यांदा घेतली, तर ती म्हणाली की हात जोडते, आज एक दिवस मस्करी नको, इतके दिवस मी याच्यासाठी थांबलेय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जन्मात पहिल्यांदा मी तिला कादंबरीतलं खरं सांगत होतो आणि ते खपत नव्हतं.

तेव्हा खाटेवरून निळी बोलली. "शालन, तो खरं सांगतोय. एवढंच आहे. हे वाचून रडला तो, मी बघितलंय. किती हळवा आहे ना हा?"

शालन निळीकडे वळली. तिने डोळे पुसले, दोन्ही, एकाच हाताने. मंजुळा आणि राधाक्का तिच्या चेहऱ्यावरून निघून गेलेल्या मला दिसल्या.

"हा?" ती म्हणाली. "इतकी वर्षं मी ह्यांना अहो म्हणते. ह्यांना हा म्हणणारी तू कोण?"

निळी मिटली नाही. ती एकतिसाव्या पानावर उघडून पडली होती, आणि सरांच्या छत्रीशेजारी थोडी कोरी जागा होती. खिशातली पेन्सिल मी नुसती चाचपली, एवढंच. शालनने निळी उचलली, पदराखाली न घेता तशीच हातात धरली, चपला घातल्या आणि निघाली. मी म्हटलं, मी देऊन येतो, तुला जड होईल. ती म्हणाली, तुम्ही घरीच थांबा.

वाचनालयात तिने निळीला हेरवाडकरबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि वरच्या कपाटात, अगदी वरच्या, असं सांगितलं. बाईंनी कारण विचारलं नाही. त्यांच्या नोंदीत कारणासाठी रकाना नाही.

आता शालन दुपारी माझ्याजवळ बसते. हातात पुस्तक नसतं. मूळव्याधीचं सगळं ऐकून घेते, मधे मधे प्रश्नही विचारते. बाजाराला आम्ही बरोबर जातो. वाटेत वाचनालय लागतं आणि त्याच्या खिडक्या रस्त्यावर उघडतात. तिथे आलो की शालन काही न बोलता माझ्या डाव्या हाताची उजव्या हाताला येते, खिडक्यांच्या आणि माझ्या मधे, आणि वाचनालय संपेपर्यंत तशीच चालते.