धूमकेतूसाठी खुर्ची

आरामखुर्चीत गोदावरीबाई बसल्या आणि दिसेनाशा झाल्या.

खुर्चीचं कापड इतकं सैल होतं, की त्यांचे दोन गुडघे तेवढे वर राहिले आणि बाकीच्या त्या खाली खोळीत गेल्या. आतून आवाज आला, "जागेश्वर, मले काढ बाप्पा. हे खुर्ची नोहे, विहीर होय."

जागेश्वरने एक हात धरला, शकुनबाईंनी दुसरा. आई बाहेर आली. शकुनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"तीन खाचा हायेत म्हणत होते ना तुमी? वर-खाली होते म्हणत होते?"

"होते ना. वरच्या खाचेत बसते, मधल्या खाचेत झोपते..."

"अन् खालच्या खाचेत मरते काय?"

जागेश्वर खुर्चीची घडी घालू लागला. त्याच्याजवळ भांडायला वेळच नव्हता. साकोलीच्या पाटबंधारे कार्यालयात तो नकाशे काढायचा आणि गेले दोन महिने घरी दुर्बीण तयार करत होता. नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेलं भिंग, पाण्याचा पांढरा पाइप आणि सुताराकडून करून घेतलेला सागवानी तिपाया. शहाऐंशी साल उजाडलं होतं, हॅलेचा धूमकेतू आला होता, आणि रेडिओवर सांगत होते की संक्रांतीच्या सुमारास तो सूर्याच्या उजेडात बुडेल. म्हणजे जेमतेम आठवडा हातात होता.

स्वतःपुरतं पाहायचं असतं तर त्याला खुर्ची कशाला लागती! पण ही दुर्बीण आईसाठी होती. गोदावरीबाई आठ वर्षांच्या असताना, दिघोरीला, वडिलांनी त्यांना पहाटे तळ्याच्या पाळीवर नेऊन हाच धूमकेतू दाखवला होता. शहात्तर वर्षांनी तो पुन्हा आला आणि त्या अजून होत्या. साऱ्या तालुक्यात असा माणूस दुसरा नसेल, या विचाराने जागेश्वरला रात्री झोप लागत नव्हती. अडचण एकच होती. गेल्या अकरा वर्षांत आईची कंबर अशी वाकली होती, की तिला जमिनीखेरीज काही दिसत नव्हतं. दाराशी आलेल्या माणसाला ती चपलांवरून ओळखायची. तिला आभाळ दाखवायचं तर पाठीला टेका हवा, मानेला आधार हवा, आणि बसण्याची उंची कमी-जास्त करता यायला हवी. कारण तारा जितका वर, तितकी दुर्बिणीला डोळा लावायची जागा खाली. नकाशेवाला असल्यामुळे त्याने या सगळ्याचं चित्रसुद्धा काढून ठेवलं होतं. चित्रात खुर्ची उत्तम जमली होती.

आरामखुर्ची ज्याची होती तो ताराचंद, लोखंडी सामानाचा दुकानदार आणि जागेश्वरचा शाळेपासूनचा मित्र. खुर्ची परत घेताना तो म्हणाला, "भाऊ, फोटो स्टुडिओत फिरता स्टूल आहे. गरगर फिरवला की वर येते."

स्टूल आला. जागेश्वर आधी स्वतः बसला, आणि बरं झालं बसला. त्याने एका ताऱ्याला डोळा लावला. तारा पश्चिमेला सरकला तसा तो उजवीकडे वळला आणि स्टूल एक बोट खाली गेला. तो आणखी वळला, स्टूल आणखी खाली गेला. उलट फिरून उंची भरून काढावी म्हणून त्याने डावीकडे जोराने तीन गिरक्या घेतल्या. स्टूल वर वर आला, आटे संपले, आणि बैठक त्याच्यासकट निघून तुळशीवृंदावनाशी जाऊन पडली.

"आत्याबाईले नका बसवू त्याच्यावर," स्वयंपाकघरातून शकुनबाई सासूच्या काळजीने म्हणाल्या. त्यांनी बाहेर येऊन पाहिलंही नाही.

शेवटी खुर्ची सापडली ती दाढी करताना. सुखरामच्या केशकर्तनालयात जागेश्वर डोळे मिटून बसला होता. सुखरामने मागचा खटका दाबून त्याची मान मागे टेकवली, पायाने दांडी दाबून खुर्ची वर घेतली आणि गालाला साबण लावला. जागेश्वरने डोळे उघडले. समोर छत होतं. छतावरच्या पालीची बोटं मोजता येत होती. मान दुखत नव्हती. पाठ दुखत नव्हती.

"सापडली!" तो ओरडला आणि उठून उभा राहिला.

वस्तरा हातात धरून सुखराम दोन पावलं मागे सरला. "बाबूजी! गळा कापला असता ना जी!"

"सुखराम, ही किती वर जाते? खाली किती येते? मागे किती झुकते?" अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून जागेश्वर खिशातल्या टेपने खुर्ची मापू लागला. बाकावरची गिऱ्हाइकं वर्तमानपत्र खाली करून बघू लागली.

सुखरामने सगळं ऐकून घेतलं. ही खुर्ची त्याचा प्राण होती. ओतीव लोखंडाचा पाया, तेलाचा पंप, चामड्याची उशी. साकोलीपासून भंडाऱ्यापर्यंतच्या रस्त्यावर अशी दुसरी नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. पण गोदावरीबाईंचं नाव निघालं आणि तो विरघळला.

"सोमवारी दुकान बंद राहते. सोमवारी न्या. पण दांडीले माझ्याशिवाय कोणाचा पाय लागला नाही पायजे. मी सोबत येतो."

सोमवारी चार वाजता खुर्ची बैलगाडीत चढली. चौघांना घाम फुटला. गाडीत ती डोलू लागली, म्हणून ताराचंद तिच्यात बसला. धुळीसाठी त्याने काळा चष्मा लावला होता आणि लग्नाचा असावा तसा पांढरा शर्ट घातला होता. मागे, खांद्यावर स्वच्छ टॉवेल टाकलेला सुखराम. गाडी बसस्टँडवरून निघाली आणि बसची वाट पाहणारे सगळे उठून उभे राहिले.

"काय होय जी हे?" कोणीतरी विचारलं.

ताराचंदला गंमत सुचली. "डोळ्याचं काम आहे! जागेश्वर भाऊच्या अंगणात मोठं भिंग लावलं आहे. या सारे!"

त्या काळात गावोगावी नेत्रशिबिरं भरत. लोकांनी उंच खुर्ची पाहिली, काळ्या चष्म्याचा साहेब पाहिला, टॉवेलवाला कंपाउंडर पाहिला आणि भिंगाचं ऐकलं. त्यांना आणखी काही विचारायची गरज वाटली नाही. गाडी घरी पोचून खुर्ची अंगणात उतरेपर्यंत दारात वीसेक म्हातारी माणसं रांगेत उभी होती. काहींनी जुने चष्मे धोतराच्या सोग्यात बांधून आणले होते.

"शिबिर नाही हो!" जागेश्वर हात जोडून म्हणाला. "हे धूमकेतू पाहण्यासाठी आहे."

"मोतीबिंदू पाहतात ना?" पुढची बाई म्हणाली. तिचं नाव रुखमिणी. ती बस सोडून आली होती आणि तिला कमी ऐकू येत होतं. "मी पहिली हावो." आणि ती खुर्चीत चढून बसली.

उजेड अजून होता. एकदा दाखवलं की जातील, असा विचार करून जागेश्वरने दुर्बीण दूरच्या शेताच्या बांधावर रोखली. सुखरामने दांडी दाबली. रुखमिणी वर आली आणि तिने डोळा लावला. आता, आकाशाच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. ताऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. बांधावर मात्र एक बकरी चरत होती.

"अवो माय!" रुखमिणी किंचाळली. "बकरी पाय वर करून आभाळात चरून राहिली!"

रांगेत एकदम जीव आला. प्रत्येकाला बकरी पाहायची होती. उंच माणूस आला की सुखराम खुर्ची खाली घेई, बुटका आला की वर. अकराव्या माणसापर्यंत ठीक चाललं. मग बकरी घरी गेली. बारावे गृहस्थ बराच वेळ डोळा लावून बसले आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "साऱ्याले दिसली, मले नाही दिसत. माझा मोतीबिंदू पिकला, डॉक्टरसाहेब."

"अजी, बकरीच नाही तिथं!" जागेश्वर म्हणाला.

"मन राखासाठी नका सांगू. खरं सांगा."

त्यांना ताराचंदने बाजूला नेलं आणि स्वतःचा काळा चष्मा दिला. तो लावल्यावर त्यांना आणखीनच कमी दिसू लागलं, पण समाधान झालं.

सूर्य बुडाला. पश्चिमेची लाली विरली आणि दक्षिणेकडे कलून, जिथे नकाशात खूण होती तिथेच, जागेश्वरला तो दिसला. नुसत्या डोळ्यांना पुसट. दुर्बिणीत मात्र पांढरा, मऊ, चमकता! तो दाराकडे वळून ओरडला, "आई! आईला आणा! आहे, आहे, तो आहे!"

सुखरामने खुर्ची खाली घेण्यासाठी दांडी वर ओढली. खुर्ची हलली नाही. पुन्हा ओढली. लाथ मारली. खुर्ची सगळ्यात वर जाऊन अडकली होती आणि ढिम्म होती.

"पंप दमला जी," सुखराम म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "इतका तो लगनसराईतही नाही चालला."

आता बसणाऱ्याचा डोळा वर आणि दुर्बीण हातभर खाली. तासाभरात धूमकेतू झाडांमागे जाणार, उद्याचा भरवसा नाही, आणि आई दारात येऊन उभी, जमिनीकडे पाहत. जागेश्वरने डोकं धरलं. इतक्या दिवसांची धावपळ, आणि शेवटी हातभर अंतराने हुकावं!

"खुर्ची खाली येत नाही तं दुर्बीण वर न्या," शकुनबाई म्हणाल्या. "घरात धानाची पोती कायले ठेवली हायेत?"

मग जी पळापळ झाली! ज्यांना पाच मिनिटांपूर्वी समोरचं दिसत नव्हतं अशा म्हाताऱ्यांनी अंधारात ओसरीतून भरलेली पोती ओढत आणली. तिपायाच्या तीन पायांखाली तीन पोती, त्यांच्यावर फळ्या. ताराचंद एका पोत्यावर बसला, दोन मोतीबिंदू उरलेल्या दोन पोत्यांवर. सुखरामने गोदावरीबाईंना लहान लेकरासारखं उचललं, खुर्चीत ठेवलं आणि खटका दाबून पाठीचा टेका हळूहळू मागे नेला. मग मानेखाली उशी सरकवली.

जागेश्वरने दुर्बीण नेमकी रोखली. "आई, डोळा लाव. दिसते?"

"काही तरी पांढरं आहे. कापसाच्या बोंडावानी."

"तोच तो!"

गोदावरीबाईंनी पुन्हा एकदा नीट पाहिलं. "हा नोहे."

"आई, हाच होय. पूर्ण जगानं सांगितलं आहे."

"जगानं तेव्हा पाहिला होता काय? मी पाहिला होता. अर्ध्या आभाळभर शेपूट होती त्याची. तळ्यात सावली पडली होती. हा त्याचा नातू असन."

कोणीतरी खुसकन हसलं. आईने हाताने दुर्बिणीचं टोक बाजूला सारलं, मान उशीवर टेकवली आणि ती नुसतीच वर पाहत राहिली. बराच वेळ. इतका वेळ की शकुनबाई घाबरून पुढे आल्या.

"आत्याबाई?"

"ते पाहा तिकांडं, एका ओळीतले तीन तारे," गोदावरीबाई म्हणाल्या. "तिथंच आहे अजून. अन् डोक्यावर कृत्तिका. मले वाटलं होतं सारं हललं असन." त्या हसल्या. "जागेश्वर, तुये केस पांढरे झाले रे. कोणी सांगितलं नाही मले."

जागेश्वर दुर्बिणीमागे वळून उगाच भिंग पुसू लागला.

गोदावरीबाई अर्ध्या तासाने उतरायला कबूल झाल्या आणि लगेच रुखमिणी पुढे आली. तिला आता ना बकरी हवी होती ना धूमकेतू. फक्त तसं उताणं पडून वर पाहायचं होतं. तिच्या मागे बारावे गृहस्थ, त्यांच्या मागे सगळी रांग. दुर्बीण तीन पोत्यांवर एकटीच उभी राहिली. जागेश्वर आपल्याच अंगणात पुढे सरकला, तेव्हा रुखमिणीने त्याला हाताने अडवलं.

"लाइनीत लाग बाबू."

तो मुकाट्याने शेवटी जाऊन उभा राहिला. त्याच्या पुढे सुखराम होता. सुखरामला तिथे पाहून त्याला नवल वाटलं.

"तू कायले रांगेत? खुर्ची तर तुझीच."

सुखराम ओशाळून हसला. "नऊ वर्षं झाली बाबूजी. मी कधी मागे टेकून बसलो नाही तिच्यात. गिऱ्हाईक असते ना."

त्याची पाळी आली. तो आधी बूड टेकवून अवघडून बसला, मग हळूच पाठ टेकवली, मग मान. हवेत गारठा वाढला होता. जागेश्वरने त्याच्या खांद्यावरचा टॉवेल काढला, दोनदा झटकला आणि नीट त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला.