तुळजाबाईंची हापशावरील स्वारी

श्रीयेडाई समर्थ. शके एकोणीसशे सात, क्रोधननाम संवत्सरी, मौजे ढोकी, परगणे धाराशिव येथे जे जाहले ते पाहिले तैसे लिहिले. पदरचे घातले नाही आणि घडले ते गाळले नाही. थोरांच्या स्वाऱ्या लिहिणारे पुष्कळ. परंतु वय वर्षे नऊ, वजन अठरा किलो, डोईस केस नाहीत, ऐशा तुळजाबाईंनी खाटेवरून उठून गल्लीच्या टोकाचा हापसा सर केला, त्याची नोंद कोठे राहिली नाही, सबब हा लेख.

हकिकत ऐसी जे, पाऊस न पडताच जो पावसाळा गेला त्या दिवसांत रक्ताचा कर्करोग हा गनीम तुळजाबाईंच्या अंगी शिरला, आणि शहरच्या इस्पितळात सलाइन व सुया यांचे मोर्चे लावून त्यास सहा महिने वेढा पडला, मग गनीम मागे हटला. परंतु मुलूख उजाड जाहला. पुढे दोन वर्षे औषधांची चौकी कायम. केस गेले ते परत येणार होते, पण पाय काडीसारखे जाहले होते, आणि स्वारी घरी येताच आजी मालनबाईसाहेब यांनी हुकूम फिरविला की पोरीचे पाऊल भुईस लागता कामा नये. वडील भीमाशंकरराव पहाटेच साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर रवाना होत आणि मातोश्री मुक्ताबाई दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात, सबब दिवसा घरची सारी सत्ता आजींकडे. त्यांनी नातीस न्हाणीपर्यंतसुद्धा कडेवर नेले.

मग डॉक्टरसाहेबांचे फर्मान निघाले. मजकूर हा की रोज तीन वेळा खाटेपासून फाटकापर्यंत चालणे व्हावे, दर आठवड्यास मजल वाढवावी, दम लागल्यास बसावे, ताप असता मुळीच चालू नये, खोकणाऱ्यांपासून लांब राहावे, आणि रोजचे रोज वहीत लिहावे. मुलीस निजवून ठेवाल तर पाय चालणे विसरतील, ऐसे शेवटी बजावले.

मालनबाईंनी फर्मान शिरसावंद्य मानले आणि मसलत केली. त्यांच्यापाशी नजीर होती. भीमाशंकरराव पाच वर्षांचे असता तापाने फणफणले, तेव्हा मूल पायी दर्शनास येईल ऐसा नवस बोलला होता, आणि मुलाऐवजी मालनबाई स्वतः येरमाळ्यास जाऊन येडाईचा डोंगर चढून आल्या, आणि ताप उतरला. देवीस जे मान्य ते डॉक्टरास का नसावे? सबब दुसऱ्या दिवसापासून नात खाटेवर आणि आजी मोहिमेवर. पहिल्या आठवड्यात फाटक, दुसऱ्यात पार, तिसऱ्यात शाळा, ऐशा मजला मालनबाईंनी मारल्या, आणि फाटकापर्यंतची पावले तुळजाबाई खाटेवरून मोजीत व चुकल्यास पुन्हा चालण्यास लावीत. संध्याकाळी भीमाशंकरराव विचारीत की चालणे झाले काय, आणि झाले ऐसा जबाब मिळे. कोणी खोटे बोलले नाही. वहीत तीस दिवस चालणे चढले.

महिन्याने इस्पितळात दरबार भरला. वही पाहून डॉक्टरसाहेब प्रसन्न जाहले आणि तुळजाबाईंस उभे राहण्यास फर्माविले, आणि गुडघे वाकून त्या वडिलांच्या हातांत आल्या. भीमाशंकररावांचे तोंड उतरले. मालनबाईंनी मात्र बेधडक साक्ष दिली.

"तिच्या वाटचं म्या चालले की, साहेब. एक दिस खाडा न्हाय."

मग चौकशीअंती निष्पन्न जाहले की मालनबाईंची गुडघ्याची जुनी कळ थांबली असून जेवणही वाढले आहे. म्हणजे औषध बरोबर होते, रोगी चुकला होता. ते समजावून सांगण्यास साहेब शब्द जुळवीत होते, तोच तुळजाबाई बोलल्या.

"आज्जे, माज्या वाटची भाकर तू खाल्ली तर माजं पोट भरंल का?"

यावर मालनबाईंनी हत्यार खाली ठेविले. ही त्यांच्या कारकिर्दीतील पहिली शिकस्त. मग साहेबांनी पुसले की चालून जावे ऐसे ठिकाण कोणते, आणि तुळजाबाईंनी हापशाचे नाव घेतले, कारण पाणी भरावयाची त्यांची तांब्याची चरवी खाटेखाली सात महिने पालथी होती. साहेबांनी रुकार दिला. पिण्याचे पाणी मात्र उकळून.

हापशाची सत्ता सरूबाईंकडे. दुष्काळाने तेथील घागरींची रांग इतकी वाढली होती की तिचे शेपूट तुळजाबाईंच्या फाटकाशी येई, आणि एक घागर भरली की प्रत्येकीने आपली घागर हाताने पुढे सरकवावी, न सरकवील तिचा नंबर गेला, हा तेथला दस्तूर. पहिल्या दिवशी चरवी रांगेत लागताच बायांनी कळवळून ठराव केला की लेकरास आधी भरू द्यावे. सरूबाईंनी तो फेटाळला.

"नंबर म्हंजे नंबर. सरपंचाच्या बायकूला सुटला न्हाय, हिला कसा सुटंल?"

खोकणाऱ्या बायांस मात्र त्यांनी लिंबाखाली दूर बसविले. तुळजाबाई मनात खूश जाहल्या, कारण सात महिन्यांत त्यांस कोणी नाही म्हटले नव्हते.

मग मोहीम सुरू जाहली. चार पावले चालावे, चरवी सरकवावी, पालथ्या बादलीवर बसावे, आणि पुन्हा उठावे. पहिल्या दिवशी दोन घागरींची मजल होऊन स्वारी माघारी फिरली, पाचव्या दिवशी नऊ घागरी जाहल्या, आणि मग सुईचा दिवस आला, त्यापाठी ताप आला, आणि आठवडा खाटेवर जाऊन सारी ठाणी हातची गेली. पुन्हा फाटकापासून आरंभ. मालनबाई शेजारून चालत आणि हात पदरात बांधून घेत, कारण मोकळे हात ऐकत नसत.

फाल्गुन शुद्ध नवमीस, उन्हे उतरता, चरवी हापशाखाली आली. तुळजाबाईंनी दांडा धरला आणि त्यास लोंबकळल्या, आणि दांडा मोठ्या विचाराने खाली आला. नुसती हवा. दहा हापसे जाहले, पाणी नाही, आणि मालनबाईंचा हात पदरातून सुटून दांड्याकडे गेला. तो सरूबाईंनी वाटेतच धरला आणि आपल्या हातात ठेवला. बाराव्या हापशास आतून गुरगुर जाहली आणि चौदाव्यास पाणी आले. अर्धी चरवी भरल्यावर तुळजाबाई दगडावर बसल्या, दम घेतला, आणि मागल्या बाईस पुढचा नंबर घेण्याचा हुकूम केला.

मालनबाई चरवी उचलण्यास वाकल्या आणि नातीकडे पाहून थांबल्या. तुळजाबाईंनी विचार करून परवानगी दिली, कारण फर्मान चालण्याचे होते, ओझ्याचे नव्हते. परतीची वाट दोघी चालल्या, तीन मुक्काम करून.

गनीम पुरता निकालात निघाला ऐसे येथे लिहीत नाही. दोन वर्षांची चौकी आहे तैसी आहे. परंतु त्या दिवशी अर्धी चरवी पाण्याइतका मुलूख तुळजाबाईंच्या अमलात आला, हे खरे. भीमाशंकररावांनी संध्याकाळी वही उघडली, दोनदा खात्री करून घेतली, आणि त्यात लिहिले ते असे: आज तुळजा हापशापर्यंत आपल्या पायांनी चालली. आजीही चालली, ती स्वतःपुरती.